'शेटलंड' मालिका आणि तिचे प्रेक्षक : एका द्वीपसमूहाच्या प्रतिमेचा इतिहास

सन २०१३ च्या मार्च महिन्यात १० व ११ या तारखांस बी. बी. सी.ने आपल्या प्रमुख दूरचित्रवाणी-वाहिनीवरून 'शेटलंड' या नावाचे दोन भागांचे एक नाट्य प्रक्षेपित केले. इंग्रज लेखिका अ‍ॅन क्लीव्ह्ज यांच्या 'रेड बोन्स' (२००९) या कादंबरीवर ते बेतलेले होते. स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या शेटलंड द्वीपसमूहात जिमी पेरेझ नावाचा पोलीस-अधिकारी खुनाचा तपास करतो, एवढेच त्याचे बाह्य स्वरूप. प्रेक्षकांनी त्याचे स्वागत केले, म्हणून त्याची मालिका झाली आणि २०२५ पर्यंत तिची दहा पर्वे दाखविली गेली. वृत्तपत्रांतील परीक्षणे, संपादकांस आलेली पत्रे, लेखिकेच्या व नटांच्या मुलाखती यांतून या मालिकेविषयीच्या प्रतिक्रिया विपुल प्रमाणात नमूद झालेल्या आहेत. त्या एकत्र ठेवून पाहिल्या असता त्यांत दोन भिन्न सूर उमटलेले दिसतात. ब्रिटनच्या मुख्य भूमीवरील आणि परदेशांतील प्रेक्षक उघडे माळ, काळसर समुद्र, कथानकाची संथ गती आणि डग्लस हेन्शाल या नटाचा संयत अभिनय यांवर संतुष्ट आहेत. द्वीपवासी प्रेक्षकही मालिका आवडीने पाहतात. परंतु ते पाहतात ते तपासून. नायकाचे उच्चार कोठले, गाडी या रस्त्यावरून त्या गावी इतक्या लवकर कशी पोहोचली, मागे दिसणारी झाडे कोणत्या परगण्यातील, आणि तेवीस हजारांच्या वस्तीत इतके खून होतातच कसे, असे त्यांचे प्रश्न असतात.

या प्रश्नांची संभावना सामान्यतः कौतुकमिश्रित उपहासाने केली जाते. काल्पनिक कथेस भूगोलाची सक्ती कशाला, असे उत्तर त्यांस मिळते, आणि वाङ्मयीन दृष्ट्या ते अगदीच चुकीचे नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र एवढ्यावर थांबणे बरे नव्हे. हे आक्षेप दूरचित्रवाणीच्या जन्मापूर्वीपासून चालत आलेल्या एका तक्रारीची नवी रूपे आहेत. शेटलंडचे नाव, स्थान, भूतकाळ आणि भाषा यांचे वर्णन गेली कित्येक शतके प्रायः बाहेरच्यांनी केले. द्वीपवासीयांच्या वाट्यास ते दुरुस्त करण्याचे, आणि पुष्कळदा निमूटपणे स्वीकारण्याचे काम आले. त्यांच्या आक्षेपांपैकी कोणते हलके व कोणते भारी हे ठरवावयाचे, तर तो पूर्वेतिहास ध्यानात घ्यावा लागतो.

प्रथम 'दूरस्थ' या विशेषणाचाच विचार करावा, कारण परीक्षणांतून ते हटकून येते. शेटलंड स्कॉटलंडच्या मुख्य भूमीपासून सुमारे १७० किलोमीटरांवर, साठ अक्षांशाच्या आसपास आहे. लहानमोठी शंभराच्या जवळपास बेटे, त्यांतील सोळांवर वस्ती. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या २३,१६७. लर्विक या मुख्य गावाहून अ‍ॅबर्डीनला जाणारी बोट रात्रभर चालते. लंडनहून पाहिले तर हा प्रदेश जगाच्या टोकाशी आहे यात शंका नाही. परंतु उत्तर समुद्रातील व्यापाराच्या दृष्टीने तो हमरस्त्यावर होता. अन्स्ट बेटावर लुंडाविक येथील जुन्या दफनभूमीत ब्रेमेन शहराच्या सेगेबाड डेटकेन या व्यापाऱ्याची शिळा आहे. तो १५७३ मध्ये मरण पावला, आणि त्यापूर्वी बावन्न वर्षे या भूमीत त्याने व्यापार केला, असे त्या शिळेवर कोरलेले आहे. जर्मन व्यापारी मासळी नेत व धान्य, कापड, दारू आणीत. पुढे डच लोकांची हेरिंग पकडणारी गलबते दर उन्हाळ्यात ब्रेसेच्या खाडीत उतरू लागली आणि त्यांच्याशी होणाऱ्या देवघेवीतून लर्विक गावाचा उगम झाला. येथे एक गोष्ट विशेष मनोरंजक आहे. किनाऱ्यावरील या झोपड्यांत मद्यपान, चोऱ्या, मारामाऱ्या व मनुष्यवध चालतात, अशा कारणावरून स्कॅलोवे येथील न्यायासनाने १६२५ मध्ये त्या पाडून टाकण्याचा हुकूम सोडला होता. ज्या गावास दूरचित्रवाणीने गुन्ह्यांचे माहेरघर बनविले, त्याची पहिली ठळक नोंद गुन्ह्यांच्याच संदर्भात सापडावी हा योगायोग खरा. पण तो गुन्हा एकाकीपणातून उद्भवलेला नसून गर्दीतून उद्भवलेला होता, हे मालिकेच्या वातावरणाशी ताडून पाहण्याजोगे आहे.

या बेटांचे राजकीय स्थानही इतरांच्या सोयीने ठरले. नवव्या शतकापासून ती नॉर्स लोकांची वसाहत होती, आणि ११९५ नंतर प्रत्यक्ष नॉर्वेच्या राजसत्तेखाली होती. डेन्मार्क व नॉर्वेचा राजा पहिला ख्रिस्तियन याने आपल्या मुलीच्या हुंड्याच्या रकमेपोटी १४६८ मध्ये ऑर्कनी आणि १४६९ मध्ये शेटलंड ही बेटे स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण ठेविली. शेटलंडची किंमत ८,००० ऱ्हेनिश फ्लोरिन इतकी धरली होती. गहाण कधीच सुटले नाही. बेटांचे नाव मूळ नॉर्स भाषेत 'ह्याल्टलंड' असे होते. त्यातील आद्य ध्वनीसाठी स्कॉट लेखनिकांनी जे अक्षर वापरले ते पुढे छापखान्यात 'झेड'सारखे दिसल्याने 'झेटलंड' हे रूप रूढ झाले. परगण्याचे अधिकृत नाव १९७५ पर्यंत तेच होते, आणि टपालाच्या सांकेतिक अक्षरांत ते अजून टिकून आहे. नकाशांवर तर बेटांची अवस्था याहून चमत्कारिक होती. कागदावर जागा वाचविण्यासाठी शेटलंड एका चौकटीत घालून स्कॉटलंडच्या ईशान्येस, मोरे उपसागराच्या आसपास, बसविण्याची पद्धत होती. शाळेत जाणाऱ्या मुलास आपले गाव नकाशात नेहमी कोंडलेले व भलत्याच ठिकाणी दिसे. स्कॉटिश पार्लमेंटने २०१८ मध्ये बेटांसंबंधी जो कायदा केला, त्यात शासकीय नकाशांवर शेटलंड त्याच्या खऱ्या जागी व योग्य प्रमाणात दाखवावे, आणि तसे न केल्यास कारणे प्रसिद्ध करावीत, असे कलम घालण्यात आले. नकाशातील एका चौकटीसाठी कायदा करावा लागतो, या गोष्टीचे मुख्य भूमीवर हसे झाले. मालिकेतील रस्त्यांच्या चुका काढणाऱ्या प्रेक्षकाकडेही त्याच नजरेने पाहिले जाते.

वाङ्मयाने बेटांस दिलेल्या प्रतिमेचा आरंभ सर वॉल्टर स्कॉटपासून धरावा लागतो. उत्तरेकडील दीपगृहांच्या अधिकाऱ्यांबरोबर स्कॉट १८१४ च्या उन्हाळ्यात शेटलंडला गेला होता. त्या मोजक्या दिवसांच्या पाहणीवर त्याने 'द पायरेट' ही कादंबरी रचली व ती १८२१ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. दक्षिण टोकाजवळ सम्बर्ग येथे जमीनदाराच्या एका पडक्या घराचे अवशेष होते. स्कॉटने कादंबरीत त्यास 'यार्ल्सहॉफ' असे नॉर्स घाटाचे नाव दिले. ते सर्वस्वी कल्पित होते. परंतु १८९० नंतरच्या वादळांनी त्याच जागी वाळूखाली दडलेल्या प्राचीन भिंती उघड्या पाडल्या. पुढे उत्खनन झाले आणि पाषाणयुगापासून नॉर्स काळापर्यंतच्या वस्त्यांचे थर एकावर एक असे बाहेर आले. ब्रिटनमधील या अत्यंत महत्त्वाच्या पुरातत्त्वीय स्थळाचे अधिकृत नाव आज 'यार्ल्सहॉफ' हेच आहे. चार हजार वर्षांच्या वस्तीस एका प्रवाशाने सुचेल ते नाव दिले आणि ते कायम झाले. कल्पित कथा प्रत्यक्षावर कसा ठसा उमटविते याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

चित्रपटाच्या युगात हाच व्यवहार उलट दिशेने झाला. हेब्रिडीजच्या पश्चिमेस असलेल्या सेंट किल्डा बेटावरील उरलेले छत्तीस रहिवासी २९ ऑगस्ट १९३० रोजी कायमचे मुख्य भूमीवर आणले गेले. या घटनेवर मायकेल पॉवेल या दिग्दर्शकाने 'द एज ऑफ द वर्ल्ड' (१९३७) हा चित्रपट काढला. सेंट किल्डावर चित्रण करण्यास मालकाने परवानगी नाकारली, म्हणून पॉवेल आपला संच घेऊन शेटलंडमधील फूला बेटावर गेला. सेंट किल्डा गेलिक भाषकांचे, फूला नॉर्स परंपरेचे. दोहोंत समुद्राखेरीज फारसे साम्य नाही. असे असूनही फूलाच्या लोकांनी सेंट किल्डाच्या लोकांची कामे केली आणि आपलेच बेट सोडून जाण्याचा अभिनय केला. फूला मात्र सुटले नाही. मूठभर माणसे तेथे अद्याप राहतात आणि जुन्या ज्यूलियन पंचांगाप्रमाणे ६ जानेवारीस नाताळ पाळतात. एका बेटाने दुसऱ्याचा मुखवटा धारण करण्याचा हा प्रकार पुढील विवेचनात पुन्हा उपयोगी पडेल.

प्रतिमा घडविण्याचा उद्योग केवळ बाहेरच्यांनीच केला असे मात्र समजू नये. लर्विकचा 'अप हेली आ' हा अग्न्युत्सव प्राचीन व्हायकिंग परंपरेचा अवशेष असल्याची समजूत पर्यटकांत दृढ आहे, आणि २०१३ च्या पहिल्या कथेतही त्या उत्सवाचा नाट्यमय उपयोग केलेला आहे. वस्तुतः डांबराची जळती पिंपे रस्त्यांतून ओढण्याच्या धोकादायक खेळावर १८७४ मध्ये बंदी आल्यानंतर त्याऐवजी मशालींची मिरवणूक निघू लागली, आणि जाळावयाचे लांब जहाज तीत १८८९ मध्ये प्रथम आले. अर्थात हा व्हायकिंग वारसा मुख्यतः व्हिक्टोरियन काळातील लर्विककरांनीच रचलेला आहे. फरक इतकाच की तो त्यांनी आपल्या हातांनी व आपल्यासाठी रचला.

आता मूळ कादंबऱ्यांकडे वळावे. क्लीव्ह्ज यांचा शेटलंडशी संबंध १९७० नंतरच्या दशकात आला. फेअर आइल येथील पक्षिनिरीक्षण-केंद्रात त्या साहाय्यक स्वयंपाकीण म्हणून काम करीत होत्या. 'रेव्हन ब्लॅक' या पहिल्या कादंबरीस २००६ मध्ये ब्रिटनमधील रहस्यकथालेखकांच्या संघटनेचे प्रमुख पारितोषिक मिळाले, आणि 'वाइल्ड फायर' (२०१८) पर्यंत आठ कादंबऱ्यांत ही माला पूर्ण झाली. त्यांतील पेरेझ काळ्या केसांचा, दक्षिणेकडील वाटावा अशा वर्णाचा आहे. याचे कारण लेखिकेने इतिहासातून घेतले. स्पॅनिश आरमारातील 'एल ग्रान ग्रिफॉन' हे जहाज सप्टेंबर १५८८ मध्ये फेअर आइलच्या खडकांवर फुटले. सुमारे तीनशे खलाशी व सैनिक त्या चिमुकल्या बेटावर कित्येक आठवडे अडकून पडले आणि त्यांतील अनेक तेथेच मरण पावले. त्यांचा वंश बेटावर राहिला ही लोककथाच. पण पेरेझ हे आडनाव व ते काळे केस या लोककथेचे फळ आहेत. दूरचित्रवाणीवरील हेन्शाल हा पिंगट केसांचा, गोरा नट. पहिल्या पर्वापासून कादंबरीच्या वाचकांनी यावर नापसंती दर्शविली. लेखिकेने मात्र नटाच्या निवडीस मनापासून मान्यता दिली. दुसरा बदल याहून मोठा होता. कादंबऱ्यांत फ्रॅन हंटर ही पेरेझच्या आयुष्यात हळूहळू येते आणि चौथ्या पुस्तकाच्या शेवटी मारली जाते. मालिका सुरू होते तेव्हा ती आधीच मृत असून पेरेझ तिच्या मुलीचा सांभाळ करीत आहे. वाचकांस अनुरागाची कथा मिळाली, प्रेक्षकांस शोकाची. पुस्तक आधी वाचलेल्यांची तक्रार केसांच्या रंगावर केंद्रित झाली ती बहुधा ते डोळ्यांस दिसत होते म्हणून. खरा पालट येथे झालेला होता.

परंतु द्वीपवासीयांच्या दृष्टीने केसांपेक्षा कंठ महत्त्वाचा होता. कथेतील पेरेझ फेअर आइलचा भूमिपुत्र. हेन्शालचे बालपण ग्लासगोच्या परिसरात गेले आणि त्याचे उच्चारही पश्चिम स्कॉटलंडचेच राहिले. लंडनच्या किंवा मुंबईच्या श्रोत्यास हे दोन्ही 'स्कॉटिश' वाटतील. शेटलंडमध्ये मात्र दक्षिणेकडून येऊन राहिलेल्या माणसास 'सूथमूदर' असे एक खास नाव आहे. बोट लर्विकच्या बंदरात दक्षिणेकडील मुखाने शिरते, त्या मुखातून आलेला तो सूथमूदर. तेव्हा पेरेझने तोंड उघडले की स्थानिक कानास तो सूथमूदर ठरतो, आणि ज्या कथेचा सगळा भार नायक बेटाचा आहे या गोष्टीवर, तिच्या पायाशीच तडा जातो.

या आक्षेपाचे वजन कळण्यासाठी बोलीचा इतिहास थोडा विस्ताराने पाहणे अवश्य आहे. बेटांची मूळ भाषा नॉर्न ही नॉर्स कुळातील होती. स्कॉट जमीनदार, धर्मोपदेशक व कारकून यांच्याबरोबर स्कॉट्स भाषा आली आणि नॉर्न मागे हटत गेली. जॉर्ज लो हा धर्मोपदेशक १७७४ मध्ये फूलाला गेला तेव्हा एका वृद्धाकडून त्याने हिल्डिनाची दीर्घ गाथा उतरून घेतली. लो यास ती भाषा समजत नव्हती, म्हणून त्याने केवळ ध्वनी लिहिले; नॉर्नचा तो सर्वांत मोठा उपलब्ध नमुना होय. अठराव्या शतकानंतर ही भाषा बोलीभाषा म्हणून उरली नाही. फेरो बेटांचा भाषाशास्त्रज्ञ याकोब याकोबसेन १८९३ ते १८९५ या काळात घरोघर हिंडला, तेव्हा त्यास सुमारे दहा हजार नॉर्न शब्द लोकांच्या तोंडी सापडले. हवा, समुद्र, मेंढरे, नावेचे भाग यांसंबंधीचे हे शब्द स्कॉट्सच्या चौकटीत मुरलेले होते. आज ज्यास शेटलंडची बोली म्हणतात ती या दोहोंच्या मिश्रणातून झाली. इंग्रजीतील 'थ' व 'द' यांसारख्या घर्षक ध्वनींच्या जागी तीत सरळ 'त' आणि 'ड' येतात. 'लहान' या अर्थी 'पीरी' हा शब्द येतो. मराठी वाचकास एक गोष्ट विशेष ओळखीची वाटेल : या बोलीत 'डू' आणि 'यू' असा भेद आहे, म्हणजे आपल्याकडील 'तू' आणि 'तुम्ही'. मित्रास, धाकट्यास, घरच्या माणसास 'डू'. वडीलधाऱ्यास व परक्यास 'यू'. प्रमाण इंग्रजीतून हा भेद केव्हाच लोपला.

रहस्यकथेच्या रचनेत याचा केवढा उपयोग झाला असता! ज्याच्याबरोबर लहानपणी मेंढरे हाकली त्याचीच जबानी घेताना पोलीस-अधिकाऱ्याने 'डू' म्हणावे की 'यू', आणि बोलता बोलता एकावरून दुसऱ्यावर केव्हा यावे, यातच चौकशीचे अर्धे नाट्य साठविता आले असते. मालिकेत ही शक्यता उरत नाही. सर्वांस समान इंग्रजी बोलावे लागते. सँडी विल्सन या साहाय्यकाची भूमिका करणारा स्टीव्हन रॉबर्टसन हा शेटलंडमध्येच वाढलेला नट आहे, आणि त्याच्या स्वरात बेटाची लकब ऐकू येते. तथापि बाहेरच्या प्रेक्षकास कळावे म्हणून तीही सौम्य करून ठेविलेली आहे. निर्मात्यांची अडचण खोटी नव्हे. अस्सल बोलीतील संवाद राष्ट्रीय वाहिनीवर तळटिपांशिवाय चालले नसते.

परंतु येथे एक अधिक खोल गोष्ट दडलेली आहे. बाहेरच्यांशी बोलताना बोली सोडून इंग्रजीवर येणे ही शेटलंडकरांची जुनी सवय असून त्या क्रियेस बोलीत 'नॅप' हे स्वतंत्र क्रियापद आहे. १८७२ च्या शिक्षणविषयक कायद्याने पाच ते तेरा वर्षांच्या मुलांस शाळा सक्तीची झाली. शाळेची भाषा इंग्रजी होती आणि बोली वर्गात वर्ज्य मानली जाई. घरी एक व पाहुण्यासमोर दुसरी अशी दुहेरी जीभ पिढ्यान्‌पिढ्या घडत गेली. 'नॅपिंग'मध्ये सौजन्य आहे, तसा संकोचही आहे. आणि आपली भाषा पाहुण्यास झेपणार नाही हे त्यात गृहीत धरलेले आहे. दूरचित्रवाणीची मालिका म्हणजे एक फार मोठा पाहुणाच. तिच्यासमोर संपूर्ण द्वीपसमूह 'नॅप' करतो. तेव्हा उच्चारांविषयी कुरकुर करणारा प्रेक्षक केवळ एका नटाचा दोष काढीत नाही. शाळेने त्याच्या आजीस जे करावयास लावले तेच पडद्यावर पुन्हा चाललेले त्यास दिसते. सर्व आक्षेपांत हा सर्वांत भारी होय.

याच्या तुलनेने खुनांच्या संख्येविषयीचा आक्षेप हलका आहे. प्रत्यक्ष शेटलंडमध्ये मनुष्यवध अत्यंत विरळा घडतो, आणि मालिकेच्या प्रत्येक पर्वात एकाहून अधिक प्रेते पडतात, हे खरे. पण ही रहस्यकथेची रूढी आहे. १९८७ ते २००० या काळात दूरचित्रवाणीवरील इन्स्पेक्टर मोर्सने ऑक्सफर्डमध्ये किती तरी खुनांचा छडा लावला. त्यावरून कोणी विद्यापीठात मुलांस पाठविण्याचे थांबविले नाही. द्वीपवासीही हे जाणतात. एव्हाना लोकसंख्या संपावयास हवी होती, ही तेथील थट्टा तक्रारीच्या सुरातील नाही. फरक एवढाच की ऑक्सफर्डची ओळख सांगणारी शेकडो पुस्तके व चित्रपट आहेत. बाहेरच्या जगास शेटलंडविषयी माहिती देणारे कथात्मक साधन बहुधा ही एकच मालिका. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेतील प्रतिकारकांस बोटींनी शस्त्रे पोहोचविणारी 'शेटलंड बस' ही मोहीम असो, की १९७८ पासून सलम व्हो येथे उतरू लागलेले खनिज तेल असो, लाखो प्रेक्षकांस या गोष्टींचा परिचय खुनाच्या धाग्यानेच होतो.

स्थळांविषयीच्या आक्षेपांचे स्वरूप संमिश्र आहे. मालिकेचे बाह्य चित्रण काही आठवडे शेटलंडमध्ये होते, परंतु खर्च व हवामान यांमुळे बराचसा भाग ग्लासगोच्या आसपास व पश्चिम किनाऱ्यावर चित्रित केला जातो. शेटलंड जवळजवळ वृक्षहीन आहे. म्हणून पार्श्वभूमीस दाट झाडी दिसली की तेथील प्रेक्षक तत्काळ ओळखतो. १९३६ साली फूलाने सेंट किल्डाचा वेष घेतला होता. आता मुख्य भूमी शेटलंडचा वेष घेते. पूर्वी मुखवटा धारण करणाऱ्या बेटास निदान मजुरी मिळाली होती, हे एक तिरकस समाधान.

सर्वच प्रतिक्रिया स्थळ व भाषा यांविषयी होत्या असे मात्र नाही. २०१६ च्या तिसऱ्या पर्वात अ‍ॅलिसन ओडॉनेल या अभिनेत्रीने साकारलेल्या 'टॉश' या महिला पोलीस-अधिकाऱ्यावर बलात्कार होतो. ती घटना पडद्यावर दाखविलेली नाही. दिसतात ते नंतरचे तास, वैद्यकीय तपासणी आणि पुढे कित्येक भागांत पुरून उरणारे मौन. स्त्रीवरील अत्याचाराचे दर्शन हे ज्या वाङ्मयप्रकाराचे नित्याचे भांडवल, त्यात हा संयम अपवादात्मक होता, आणि समीक्षकांनी व प्रेक्षकांनी त्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या बाफ्टा पारितोषिकांत मालिकेस उत्कृष्ट नाट्याचा व हेन्शाल यास उत्कृष्ट नटाचा मान मिळाला. या विषयावर बेटावरचा प्रेक्षक आणि बाहेरचा प्रेक्षक यांत कोणताच भेद राहिला नाही, ही लक्षणीय बाब होय.

मालिकेमुळे पर्यटक वाढले, याविषयी दुमत नाही. लर्विकच्या दक्षिण टोकाशी अठराव्या शतकातील व्यापाऱ्यांची, पायथा समुद्रात असलेली, स्वतःचा धक्का बाळगणारी घरे आहेत. त्यांस 'लॉडबेरी' म्हणतात. त्यांतील एक पडद्यावर पेरेझचे घर म्हणून झळकले, आणि आता बोटीने येणारे प्रवासी त्याच्यापुढे उभे राहून छायाचित्रे घेतात. डच व जर्मन मालाची चढउतार करण्यासाठी बांधलेली ही वास्तू एका कल्पित पोलिसाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. यार्ल्सहॉफच्या बाबतीत जे घडावयास शतक लागले ते येथे दहा वर्षांत घडले. खानावळवाले, विणकामाचे दुकानदार व वाटाडे यांस यात वावगे काही वाटत नाही, आणि वाटावे तरी का? ज्या प्रदेशातून तरुण पिढी शिक्षणासाठी दक्षिणेस जाते व पुष्कळदा परतत नाही, तेथे रोजगाराचे मोल बाहेरून मोजता येत नाही.

हेन्शालने सात पर्वांनंतर, २०२२ मध्ये, भूमिका सोडली. नायकाशिवाय मालिका टिकेल काय, अशी शंका पुष्कळांनी व्यक्त केली. २०२३ मध्ये अ‍ॅश्ली जेन्सन ही रूथ कॅल्डर या नव्या अधिकाऱ्याच्या भूमिकेत आली. ही कॅल्डर जन्माने शेटलंडची, परंतु वीस वर्षे लंडनच्या पोलिसांत काढून नाइलाजाने परतलेली आहे. दहा वर्षे चघळल्या गेलेल्या उच्चारांच्या प्रश्नावर लेखकांनी काढलेला हा तोडगा आहे की काय, असे वाटल्यावाचून राहत नाही : बेट सोडून गेलेल्या बाईची बोली पुसली गेली तर त्यात नवल काय? युक्ती चतुर आहे. मात्र तिने प्रश्न सुटत नाही. बोलीचा अभाव तेवढा कथेचा भाग बनतो.

हा प्रश्न सुटण्याजोगा आहे काय, याचे एक उत्तर पश्चिमेकडील बेटांनी नुकतेच दिले. जानेवारी २०२५ मध्ये बी. बी. सी.च्या गेलिक वाहिनीवर 'अन चेलन', म्हणजे 'बेट', ही गुन्हेकथा दाखविली गेली. ती हॅरिस बेटावर चित्रित झाली असून तिच्यातील पात्रे मुख्यत्वे गेलिक बोलतात. इतरांनी भाषांतराच्या ओळी वाचाव्यात. गेलिकला २००८ पासून स्वतंत्र वाहिनी आहे, तिच्यासाठी द्रव्य आहे व चळवळीची परंपरा आहे. शेटलंडची बोली विद्वान स्कॉट्सची शाखा मानतात. स्कॉट्स व गेलिक या दोहोंस २०२५ च्या कायद्याने अधिकृत दर्जा मिळाला, परंतु त्या दर्जाने नाट्यनिर्मितीसाठी पैसा आपोआप उपलब्ध होत नाही. शेटलंडमध्ये बोलीचे वाङ्मय नाही असे नव्हे. 'द न्यू शेटलंडर' हे नियतकालिक १९४७ पासून तीत कविता व कथा छापीत आले आहे, आणि जॉन ग्रॅहम यांचा बोलीकोश १९७९ मध्ये निघाला. त्याहून परिणामकारक साधन म्हणजे १९७७ साली सुरू झालेले बी. बी. सी.चे स्थानिक नभोवाणी-केंद्र. त्याच्या सायंकाळच्या कार्यक्रमात बोटींच्या वेळा, मासळीचे भाव, सभांचे वृत्तांत व निधनवार्ता बोलीच्या वळणाने सांगितल्या जातात. ज्या घरांत साडेपाच वाजता हा कार्यक्रम ऐकला जातो, त्याच घरांत मालिकेच्या दिवसांत रात्री नऊ वाजता पेरेझचा किंवा कॅल्डरचा तपास पाहिला जातो, आणि पात्रे बोलू लागली की कोणीतरी खोलीतल्या खोलीत उच्चार दुरुस्त करतो.